होळीपर्यंत चालेल

उधना, सुरत
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. अमोल यास सुरतेहून प्रभाकरचे आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या पाठोपाठ एक रीतसर तक्रार.

संक्रांतीला मी तुला मोबाइलवर चार परिच्छेदांचा मजकूर पाठवला. त्यात शुभेच्छा होत्या, तुझ्या ताईच्या गुडघ्याचा वृत्तान्त होता, उत्तरायणात आमच्या गच्चीवर दिवसभर कोकलणाऱ्या भोंग्यांचा निषेध होता आणि शेवटी एक साधा प्रश्न होता. उत्तरादाखल तुझ्याकडून एक अंगठा आला. पिवळा. माझ्या सासऱ्यांनी तुला इंजिनिअर केलं ते तू पंचेचाळिसाव्या वर्षी अंगठेबहाद्दर व्हावंस म्हणून का? पूर्वी निरक्षर माणसं अंगठा उठवत, पण ती बिचारी शेजारी साक्षीदाराची सही तरी घेत. तू तेवढाही शिष्टाचार पाळला नाहीस. ह्या अधःपतनाची नोंद घेऊन मी पुन्हा कागदावर आलो आहे. शालकाला छळण्याचा शास्त्रसंमत अधिकार मला तुझ्या ताईशी लग्न केल्यापासून प्राप्त आहे. तो मी मोबाइलच्या स्वाधीन करणार नाही.

आता तो प्रश्न.

निखिलच्या गाडीचा. भाऊबीजेला ताईने ओवाळायला हाका मारल्या तरी तू खाली पार्किंगमध्ये त्या गाडीला प्रदक्षिणा घालत होतास, म्हणजे ती विसरला नसशील. तो काम करतो त्या पलसाण्याच्या मिलमध्ये शेठच्या थोरल्या भावाने हौसेने आणवलेली ती दोन माणसांची जर्मन गाडी. तो भाऊ परदेशी गेला आणि गाडी गोदामात कोऱ्या कापडाच्या गाठींमागे पडून राहिली. शेठने एक दिवस निखिलला सांगितलं, ‘लई जा, भंगार छे,’ आणि आमच्या चिरंजिवांनी तीन वर्षांचे रविवार घालवून त्या भंगाराची गाडी केली. पाहुणे बघायला येतात. शेजारची मुलं टेकून फोटो काढतात. एकदा कोणी तिला लिंबू-मिरचीही बांधून गेलं. मला तिच्यात बसायला सांगितलं की मी नाही म्हणतो. बसणं म्हणजे शवासन, आणि उठायला दोन माणसं लागतात.

तर तिच्या इंजिनात, म्हणे, मधल्या दांड्याच्या मागच्या टोकाला एक बेअरिंग आहे. हे तूच अनारसा खाता खाता समजावलं होतंस. बेअरिंग बंद डबीसारखं, आतलं ग्रीस वर्षानुवर्षांत धुऊन जातं, बाहेरचं तेल नीट आत पोचत नाही. बहुतेक गाड्यांत ते जन्मभर टिकतं. थोड्या गाड्यांत तुटतं, आणि तुटताना आधी सांगत नाही. तुटलं की सगळं इंजिनच गेलं. बदलायचं तर गिअरबॉक्स, क्लच, सगळं उतरवावं लागतं.

हा वाद आम्हां संस्कृत मास्तरांच्या शास्त्रात असता तर मी असा मांडला असता. पूर्वपक्ष म्हणतो, जे बिघडलेलं नाही ते उघडायचं कशाला? उघडताना धूळ जाईल, एखादा बोल्ट तुटेल, चांगलं चालणारं इंजिन माणसाच्या हाताने बिघडेल. आणि जे तुटलंच नसतं ते बदलून तुम्ही काय मिळवलं? उत्तरपक्ष म्हणतो, तुटल्यावर बदलता येत नाही ते तुटण्याआधीच बदललं पाहिजे. दोघंही बरोबर दिसतात. मग निर्णय कोणी करायचा?

निखिलचा निर्णय झालेला होता, हीच मौज आहे. दसऱ्याच्या आधी त्याने ते नवं बेअरिंग बाहेरून मागवलं. खंडेनवमीला आपण घरात शस्त्रं आणि पुस्तकं मांडून पूजा करतो. त्याने माझ्या कोशाशेजारी ते खोक्यासकट मांडलं आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं. ते अजून देव्हाऱ्यातच आहे. तुझी ताई रोज त्यावर एक फूल ठेवते. मी म्हटलं, ‘अरुणा, ह्या देवतेचं ध्यान काय आणि वाहन काय?’ ती म्हणाली, ‘तुम्ही गप्प बसा.’

परवा मी निखिलला विचारलं, ‘अरे, ते बसवायचं कधी? क्लचही बदलायला आलाय म्हणत होतास.’

तो बूट घालत होता. म्हणाला, ‘राहू द्या ना, बाबा.’

‘राहू द्या म्हणजे?’

‘म्हणजे राहू द्या.’

तू त्याला ओळखतोस. आमच्या कुकरचं रबर फाटायच्या आत बदलणारा हा मुलगा. पंख्याचा आवाज बदलला की मध्यरात्रीसुद्धा शिडी मागणारा. सुट्टीत नाशिकला तुझ्या वर्कशॉपमध्ये त्याला तूच शिकवलंस, लांब पेचकसाचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग काय बोलतंय ते ऐकायचं. त्याने ‘राहू द्या’ म्हणणं मला अशास्त्रीय वाटलं. म्हणून तुझं तज्ज्ञाचं मत हवं आहे. बदलावं की बदलू नये?

बाकी सर्व क्षेम. धाकटी अनुजा बडोद्याला मजेत आहे, नोकरीत रुळली. निखिल थोडा वाळलाय. मिलमध्ये एक मशीन सध्या बंद आहे, त्यामुळे त्याला सवड असते. पहाटे गाडी घेऊन फिरून येतो. स्थळांचं इतक्यात काही बघू नका म्हणाला. आम्ही बघत नाही.

उत्तर अक्षरांत पाठवावे.

तुझा भावोजी,
प्रभाकर

~

उधना, सुरत
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. अमोल,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अक्षर पाहून आधी वाटलं की पोस्टाच्या पिशवीत मुंग्या शिरल्या असाव्यात, पण दुसऱ्या वाचनात अर्थ लागला. ‘बदला. डोळे मिटून बदला. दोन दिवसांचं काम आहे, मी हत्यारं घेऊन येतो.’ आणि पुढे, वेगात असताना ते तुटलं आणि इंजिन धरलं गेलं तर मागची चाकं जागच्या जागी थांबू शकतात, मग गाडी हातात राहील याची खात्री नाही. हे वाक्य तू भाऊबीजेला का नाही बोललास? मी ते तीनदा वाचलं.

तुझ्या पत्राच्या तळाशी तू विचारलंस, निखिल मामाचाही फोन का उचलत नाही आणि मिलमध्ये काय झालंय. ताईला फोन केला तर ती ‘काही नाही’ म्हणते. अमोल, ती तुला खोटं सांगत नाही. तिला ते उच्चारता येत नाही. मलाही बोलताना येत नाही. तू फोन केलास की मी तुला नाशिकच्या थंडीबद्दल विचारतो. लिहून बघतो.

निखिलचं मिलमधलं काम तुला माहीत आहे. यंत्रं बिघडली की दुरुस्त करणं हे त्याचं अर्धं काम. बिघडायच्या आत सुटे भाग बदलणं हे उरलेलं, आणि त्याच्या मते खरं काम. दिवाळीला कारागीर गावी जातात, सगळी मिल बंद राहते, आणि त्या बंदात तो वर्षाची बेअरिंगं बदलतो, वाजत असोत वा नसोत. ह्या दिवाळीला लग्नसराईचा माल अडकला होता. शेठने बंद आवरता घेतला. स्टेंटर म्हणून एक लांबलचक मशीन असतं, ओलं कापड ताणून गरम हवेत वाळवतं. त्याच्या एका पंख्याचं बेअरिंग राहून गेलं. शेठ म्हणाला, ‘निखिलभाई, चालशे ने?’ निखिलने पेचकस लावला, कान लावला, ऐकलं. पुढचा बंद होळीला असतो, तेव्हाही माणसं गावी जातात. तो म्हणाला, ‘होळीपर्यंत चालेल.’

ते डिसेंबरात गेलं. पंखा धरला गेला, तापला, आत साठलेल्या कापसाच्या धुळीने पेट घेतला आणि कापड पेटलं. मशीनवर योगराज म्हणून कारागीर होता, अमळनेरकडचा, डिंडोलीत राहणारा. पेटलेलं कापड कापून बाहेर ओढायला तो पुढे गेला. काही दिवस दवाखान्यात होता. मग गेला.

निखिलच्या वयाचाच. दोघं डबा एकत्र खात. योगराजच्या घरची लाल मिरचीची चटणी आमच्या डब्यात आणि तुझ्या ताईची भाकरी त्यांच्या डब्यात, असा व्यवहार होता.

कोणी निखिलला दोष दिला नाही. शेठने दिला नाही, चौकशीला आलेल्यांनी दिला नाही. त्यांनी ‘तांत्रिक बिघाड’ असं म्हटलं आणि ते गेले. मला वाटतं, कोणीतरी त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती.

तो एकटा डिंडोलीला जात होता, म्हणून एकदा मी बरोबर गेलो. योगराजची आई, कलाबाई, दारातच बसली होती. तिने आम्हांला आत घेतलं. सून माहेरी गेली होती. भिंतीवर योगराजचा फोटो, त्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. निखिल भिंतीकडे पाठ करून बसला. तिने चहा केला. निखिल म्हणाला, ‘मावशी, मी ते बदलायला हवं होतं.’ त्या बाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, ‘तुना काय दोस शे भाऊ? मशीन व्हती ती. च्या पी ले, थंड व्हई ऱ्हायना.’

तो चहा प्यायला. सगळा. रिक्षात बसल्यावर म्हणाला, ‘बाबा, त्यांनी मला चहा द्यायला नको होता.’

मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की वाणीने दुःख हलकं होतं. माझ्या मुलाला काय सांगावं याचं एकही वाक्य मला सुचत नाही. जे सुचतं ते मला स्वतःलाच पाठ्यपुस्तकातलं वाटतं.

तो मिलमध्ये जातो, पण कानाला पेचकस लावणं सोडलंय. शेठ म्हणतो, सुट्टी घे. तो घेत नाही. घरात ‘चालेल’ हा शब्द चालत नाही. परवा तुझ्या ताईने सवयीने विचारलं, ‘आमटीत मीठ कमी पडलंय, चालेल का रे?’ तो ताटावरून उठला. ती बिचारी हातात मिठाची वाटी घेऊन उभी. मी म्हटलं, ‘मला वाढ, मला आळणी आवडतं.’ मला आळणी आवडत नाही.

एक गोष्ट मी तुझ्या ताईला सांगितलेली नाही. मी शाळेत असताना अनुजाचा बडोद्याहून फोन आला होता. खुशीत होती. म्हणाली, ‘बाबा, दादाने गाडीची दुसरी किल्ली मला कुरिअरने पाठवलीय. म्हणतो, तुझ्याकडे असू दे. मला देणार की काय गाडी?’ मी म्हटलं, ‘देईलही. तो तुझा दादा आहे.’ आणि फोन ठेवला. त्यानंतर मी बराच वेळ फळा पुसत बसलो. वर्ग रिकामा होता आणि फळ्यावर काही लिहिलेलंही नव्हतं.

डॉक्टरांकडे चल म्हटलं की तो ‘हो’ म्हणतो. भांडत नाही. ‘हो, जाऊ.’ आणि जात नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी वाद तरी घालता येतो.

बेअरिंगचं मी त्याला आज पुन्हा विचारतो. तू हत्यारं काढून ठेव, पण मी कळवल्याशिवाय निघू नकोस. मामा अचानक दारात आला तर त्याला कळेल की आम्ही बोललो.

ताईला हे पत्र माहीत नाही. तिला फोन कर, गुडघ्याची चौकशी कर, आणि तिने ‘काही नाही’ म्हटलं की ऐकून घे.

प्रभाकर

~

उधना, सुरत
रविवार, २ मार्च २०२५

चि. अमोल,

आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे अक्षय सर आज दुपारच्या बसने लग्नाला नाशिकला निघालेत. हे पत्र त्यांच्या हाती देतो, म्हणजे संध्याकाळी तुला मिळेल. मिळालं की एकटा असशील तिथे उघड. सकाळपासून दोनदा तुला फोन लावला. तू ‘बोला भावोजी’ म्हणालास आणि मी बोललो ते सगळं द्राक्षांबद्दल होतं.

निखिलला मी सांगितलं, मामा येतो म्हणतोय, दोन दिवसांत बेअरिंग बसवून देईल. तो म्हणाला, ‘मामाला सांगा, होळीनंतर.’

मला आनंद झाला. कसा रे मी. मला वाटलं, चला, त्याच्या डोक्यात होळीनंतरचं काहीतरी आहे. तुझ्या ताईलाही सांगितलं. तिने त्या दिवशी शिरा केला.

मग मनात आलं, होळीच का?

बुधवारी शाळेला महाशिवरात्रीची सुट्टी होती. मी बसने पलसाण्याला गेलो. मिलच्या फाटकावर छगन म्हणून वॉचमन आहे, म्हातारा, मला ओळखतो. मला पाहून त्याने खुर्ची दिली. मी विचारलं, निखिल कसा आहे कामावर? तो म्हणाला, ‘कामे तो सारा छे, साहेब. पण सवारे शुं करे छे, खबर छे?’

कामाला चांगला आहे म्हणाला, आणि सकाळी काय करतो ते सांगितलं. रोज पहाटे निखिल ती गाडी घेऊन हायवेने येतो. छगनला ती दिसायच्या आधी ऐकू येते. फाटकापाशी येऊन उभी राहते. हॉर्न वाजवत नाही, उतरत नाही, इंजिनही बंद करत नाही. मग वळते आणि परत जाते. ‘एटली स्पीडमां, साहेब, के मने बीक लागे छे.’ त्याला भीती वाटते म्हणाला. कामाच्या वेळेला हाच मुलगा पुन्हा मिलच्या बसने येतो आणि छगनला रोजच्यासारखं ‘केम छो काका’ म्हणतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याआधी खाली गेलो. गाडी झाकायला टाकलेलं मिलमधलं पोपटांच्या छपाईचं कापड बाजूला केलं आणि आत जाऊन बसलो. शवासनात. निखिल आला, दार उघडून बघतो तर शेजारच्या सीटवर बाप.

‘बाबा, उतरा.’

‘का? मला कधीच नेत नाहीस. आज ने.’

‘तुम्हांला पाठ दुखेल.’

‘दुखू दे. माझी पाठ आहे.’

तो उभाच राहिला. मग बसला. अमोल, त्याने ती गाडी पलसाण्यापर्यंत अशी नेली की ट्रक आम्हांला ओलांडून जात होते. टेम्पो जात होते. दुधाच्या कॅनवाला मोटारसायकलवरून पुढे गेला आणि वळून आमच्याकडे बघून हसला. तुम्हां लोकांनी इतकी स्तुती केलेली ती गाडी, तो ती बैलगाडीसारखी हाकत होता. इंजिन आमच्या पाठीमागेच असतं ना, ते हळू गुरगुरत होतं. मी म्हटलं, ‘छगन तर म्हणत होता की तू वाऱ्यासारखा येतोस.’

त्याने मागच्या एका ट्रकला पुढे जाऊ दिलं. मग म्हणाला, ‘तुम्ही बसलेले असताना नाही.’

‘मी बसलेलो असताना का नाही?’

‘तुमचा काय संबंध, बाबा?’

फाटकापाशी गाडी उभी केली. आत स्टेंटरच्या शेडचं छप्पर अजून एका बाजूने काळं आहे. तो तिकडे बघत नव्हता. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, आणि हे मी त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण मला ते विसरता येत नाहीत: ‘ते मी होळीपर्यंत चालेल म्हटलं होतं. हेही बेअरिंग तसंच आहे, आतून ऐकू येत नाही. हे होळीपर्यंत चालवतो. चाललं तर चाललं.’

‘आणि नाही चाललं तर?’

‘तर मग बरोबरच आहे ना.’

मी त्याच्याकडे बघितलं. तो रागात नव्हता. रडतही नव्हता. हिशेब तपासून बाजूला ठेवणाऱ्या माणसासारखा दिसत होता. परतताना मी म्हटलं, मी उद्याही येणार. तो म्हणाला, ‘उद्या नका येऊ.’ शुक्रवारी मी खाली गेलो तेव्हा गाडी गेलेली होती. शनिवारीही. आता तो कधी उठतो तेच मला कळत नाही. आज आला तेव्हा मी जिन्यात बसलो होतो. मला बघून म्हणाला, ‘दूध आणायला निघालात का?’ मी हो म्हटलं आणि दूध आणलं. घरात दूध होतं.

मागच्या आठवड्यात एकदा किल्लीही लपवून पाहिली होती. त्याने मागितली नाही. त्या दिवशी तो पायी निघाला, हायवेच्या दिशेने. मी धावत जाऊन किल्ली दिली.

तुला माझं शास्त्र रुक्ष वाटतं, पण एक ऐक. जुन्या न्यायात साक्षी-पुरावे संपले की दिव्य करत. आरोपीच्या तळहातावर तापलेलं लोखंड ठेवायचं. हात भाजला तर दोषी, नाही भाजला तर निर्दोष. माणसांना निर्णय देता येत नाही म्हणून लोखंडाला विचारायचं. मी हे दरवर्षी शिकवतो, मुलं हसतात, मीही हसतो. माझ्या मुलाला कोणी दोषी म्हणालं नाही आणि त्यामुळे त्याला कोणी सोडलंही नाही. शेठने नाही, चौकशीने नाही, त्या माऊलीने तर चहा दिला. म्हणून त्याने लोखंडाला विचारायचं ठरवलंय. रोज पहाटे विचारतो.

आता तू सांग, बेअरिंग बदलायचं की नाही?

मी ह्यावर इतका विचार केलाय की डोकं चालेनासं झालंय. त्याला सांगून बदललं तर निवाडाच राहत नाही. तो दुसरं काहीतरी शोधेल, आणि ते मला कळणारही नाही. निदान हे मला माहीत आहे. न बदलता राहू दिलं, आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे बहुतेक गाड्यांत ते टिकतं, तर होळी उलटेल, राख थंड होईल आणि कदाचित तो स्वतःला सोडून देईल. कदाचित. त्या कदाचितवर मी माझा मुलगा रोज पहाटे हायवेवर सोडतोय. मधल्या एका रात्री मला असंही सुचलं की तू चोरून ये. त्याला दोन दिवस बडोद्याला अनुजाकडे पाठवतो, तू मागे बेअरिंग बदल, सगळं जसंच्या तसं लाव, आणि त्याला कळू देऊ नकोस. म्हणजे तो होळीपर्यंत चालवेल, ते तुटणार नाही, आणि तो निर्दोष सुटेल. बापाने न्यायालयात लबाडी केली म्हणून सुटेल, पण सुटेल. मला तेवढी लबाडी मंजूर आहे. आयुष्यभर सत्याचे धडे शिकवले, हे पाप मी आनंदाने घेईन.

पण ते होणार नाही. तुला माहीत आहे का होणार नाही. त्याचे कान. पहिल्याच पहाटे किल्ली फिरवताक्षणी त्याला कळेल की आतलं काहीतरी वेगळं आहे. त्या कानांना फसवता येत नाही. एकदाच फसले ते.

तेव्हा हाही मार्ग बंद. तुझ्या ताईला काही सांगितलेलं नाही. ती आता होळीच्या पुरणपोळीसाठी गूळ आणायला सांगतेय, निखिलला आवडतात म्हणून जास्त आण म्हणतेय. होळी तेरा तारखेला आहे. मी गूळ आणला.

अमोल, दोन पत्रं मी तुला बेअरिंगबद्दल लिहिली. तू तज्ज्ञाप्रमाणे उत्तरं दिलीस, आणि तुझी उत्तरं बरोबर आहेत. माझा प्रश्न तो नव्हता. त्या गाडीचं काय होईल याच्याशी मला काही देणंघेणं नाही. मला भीती वाटते की निखिलला जगायचं नाहीये. आणि तो बाहेर पडला की परत येईपर्यंत मी जिन्यात बसून राहतो, त्यापलीकडे मला काही करता येत नाही.

तू आजच नीघ. हत्यारं आणू नकोस, नुसता ये.

प्रभाकर